विश्लेषण : गिर्यारोहक इंजिनीअर आणि प्लेस्टेशन खेळणारा मुलगा संत कसे झाले? ख्रिस्ती तरुण नेतृत्वासाठी त्यांच्या सवयी का महत्त्वाच्या?

जुलै १९२५. इटलीतील तुरिन शहरात एका बड्या घरातील २४ वर्षांच्या मुलाची अंत्ययात्रा निघाली. वडील सिनेटर, माजी राजदूत आणि ‘ला स्तांपा’ या मोठ्या दैनिकाचे मालक-संपादक. त्यामुळे शहरातील प्रतिष्ठित मंडळी येणार, हे घरच्यांना अपेक्षितच होते. पण रस्त्यावर प्रत्यक्षात उभे होते ते शहरातल्या गरीब वस्त्यांमधले शेकडो लोक. घरच्यांना त्यातला एकही चेहरा ओळखीचा नव्हता. आणि त्या लोकांपैकी अनेकांना आपल्याकडे नेमाने येणारा हा तरुण एवढ्या मोठ्या घरचा आहे, हे त्याच दिवशी कळले.

त्या तरुणाचे नाव पिएर जॉर्जो फ्रासाती. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. त्याच समारंभात १५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या कार्लो अक्युटिसलाही संतपद मिळाले. ४ जुलै हा फ्रासातीचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने चर्चच्या युवा गटांमध्ये ‘तरुण नेतृत्व’ या विषयावर बोलले जाते आणि या दोघांचे फोटो पोस्टरवर झळकतात. पण दोघांपैकी एकानेही कधी नेतृत्वावर व्याख्यान दिले नव्हते. मग त्यांच्याकडून नेमके काय घ्यायचे?

फ्रासाती कोण होता?

जन्म ६ एप्रिल १९०१ चा. आई चित्रकार, वडिलांचा धर्माशी फारसा संबंध नाही. शाळेत हा मुलगा लॅटिनमध्ये नापास झाला, म्हणून त्याला जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत घातले गेले. तिथे त्याला रोज मिस्सेला जाण्याची आणि कम्युनियन घेण्याची सवय लागली, ती शेवटपर्यंत टिकली. पुढे त्याने तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये मायनिंग इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. त्यामागचे कारण साधे होते. त्या काळी सर्वांत हलाखीत जगणारे कामगार म्हणजे खाणकामगार, त्यांच्यात राहून काम करायचे. धर्मगुरू होण्याचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला होता, पण सामान्य माणूस म्हणूनच खाणकामगारांच्या जवळ जाता येईल, असे त्याला वाटले. १९२२ मध्ये तो डोमिनिकन संघाच्या तृतीय शाखेत सामील झाला. संसारात राहून व्रतस्थ जगणाऱ्यांसाठी ही शाखा असते.

हा मुलगा सोवळा वगैरे अजिबात नव्हता. आल्प्सची शिखरे चढायचा, पाइप ओढायचा, मित्रांच्या खोड्या काढायचा. मित्रमैत्रिणींचे टोळके जमवून त्याने त्याला ‘संशयास्पद मंडळी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. मुसोलिनीच्या राजवटीला त्याचा उघड विरोध होता. जून १९२४ मध्ये फॅसिस्ट टोळी त्याच्या घरात घुसली, तेव्हा त्याने त्यांना अंगावर घेऊन पळवून लावले.

अभ्यासात मात्र तो रखडला. पदवी अगदी हाताशी आलेली असताना त्याचा मृत्यू झाला. इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष काय असते हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना सबमिशनच्या धबडग्यात आठवड्याचा एक दिवस दुसऱ्यासाठी राखून ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

शेवटच्या आठवड्यात काय घडले?

जून १९२५ च्या अखेरीस फ्रासातीच्या आजी मृत्युशय्येवर होत्या. सगळे घर त्यांच्याभोवती गोळा झाले होते. त्याच दिवसांत पिएर जॉर्जोचे अंग दुखू लागले, पाय लटके पडू लागले. त्याने कुणाला त्रास नको म्हणून फारसे काही सांगितले नाही. आजी गेल्या. त्यानंतर हा आजार साधा नसून पोलिओ असल्याचे लक्षात आले.

३ जुलैला शुक्रवार होता. गरिबांच्या घरी जाण्याचा त्याचा ठरलेला दिवस. अर्धांग लुळे पडलेल्या अवस्थेत त्याने बहिणीला आपल्या कोटातून काही वस्तू आणायला सांगितल्या. एका आजारी माणसासाठी घेतलेली इंजेक्शने आणि दुसऱ्या एकाची गहाणवटीची पावती. मग वाकड्यातिकड्या अक्षरात मित्रासाठी चिठ्ठी लिहिली. इंजेक्शने अमुक व्यक्तीला पोहोचव, पावतीची मुदत वाढवून घे आणि तो खर्च माझ्या नावावर टाक, एवढाच मजकूर. दुसऱ्या दिवशी तो गेला.

या चिठ्ठीत देवाचे नावही नाही. तरीही फ्रासातीच्या श्रद्धेविषयी बोलताना चर्च शंभर वर्षे याच चिठ्ठीकडे बोट दाखवते. कारण ती कुणी वाचावी म्हणून लिहिलेली नव्हती. शुक्रवारचे काम शुक्रवारी व्हायला हवे होते आणि स्वतःला उठता येत नव्हते, म्हणून ती लिहिली गेली.

ही शुक्रवारची सवय आली कुठून?

फ्रासाती १९१८ मध्ये संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीत दाखल झाला होता. ही संस्थाही एका विद्यार्थ्याचीच. पॅरिसमध्ये शिकणारा फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात वाद घालत असत. ख्रिस्ती धर्माने पूर्वी काय केले ते सांगू नका, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता ते दाखवा, असे आव्हान त्यांना विरोधकांनी दिले. ओझानामला ते झोंबले. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशीच, या मूठभर तरुणांची पहिली बैठक झाली. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्याकडून त्यांनी कुणाच्या घरी जायचे आणि कसे वागायचे हे शिकून घेतले.

या संस्थेची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. छोटा गट, ठरावीक दिवशी बैठक, सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना. मदत देणग्या वाटून नाही, तर त्या कुटुंबाच्या घरी जाऊन करायची. जायचे ते शक्यतो दोघांनी मिळून. कोणत्या कुटुंबाला काय दिले, हे बाहेर बोलायचे नाही. बैठकीच्या शेवटी एक झोळी फिरवली जाते. प्रत्येकाने त्यात हात घालायचा. कुणी नोट टाकली, कुणी नाणे आणि कुणी रिकामाच हात घालून बाहेर काढला, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. आत आलेल्या एकूण पैशांचा हिशेब मात्र वहीत लिहिला जातो.

ही झोळी मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटते. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये, असा उपदेश बायबलमध्ये आहे. तो ऐकून माना डोलावणे सोपे असते. या विद्यार्थ्यांनी त्या उपदेशाची यंत्रणाच करून टाकली. माणसाला मिरवायचा मोह होणार हे गृहीत धरले आणि मिरवायला जागाच ठेवली नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात पैसे नाहीत, त्याचीही मान खाली जाणार नाही याची सोय त्यातच झाली. मुंबई-वसई पट्ट्यातील अनेक धर्मग्रामांत या सोसायटीचे गट आजही काम करतात.

सगळेच लपवणे चांगले का?

इथे फ्रासातीच्या कथेतला अवघड भाग येतो. भाविकांसाठीच्या पुस्तिकांमध्ये तो पटकन उरकला जातो. त्याने दान लपवले, तसेच दुखणेही लपवले. पोलिओवर तेव्हा उपचार नव्हता आणि प्रतिबंधक लसही १९५५ मध्ये आली, त्यामुळे लवकर कळले असते तर तो वाचला असता असे म्हणता येत नाही. पण शेवटचे काही दिवस तो घरातल्या माणसांत असूनही एकटा होता. त्याआधीही आईवडिलांच्या संसारातील ताण आणि त्या ताणापायी मनातच ठेवलेले प्रेम हे सगळे तो जवळच्या एकदोन मित्रांपलीकडे बोलला नव्हता.

चर्चमध्ये पुढे पुढे करणाऱ्या तरुणांकडून आजही हीच अपेक्षा असते. गायनवृंद तोच बसवणार, लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तोच घेणार, सणाचा मंडपही तोच बघणार. थकलो असे म्हटले की श्रद्धा कमी पडली, अशी कुजबुज होते. फ्रासातीचे उदाहरण अशा वेळी दडपण म्हणून वापरले गेले तर त्याच्यावरच अन्याय होईल. ओझानामच्या पद्धतीत दोघांनी जायचे आणि आठवड्याला एकत्र बसायचे, हा नियम आहेच. दिलेले दान झाकलेले असावे. देणाऱ्याची अवस्था मात्र निदान एका सोबत्याला ठाऊक असावी.

कार्लो अक्युटिस यात कुठे बसतो?

कार्लोची गोष्ट आजच्या वाचकाला अधिक ओळखीची वाटेल. जन्म ३ मे १९९१, लंडन. वाढला मिलानमध्ये. सातव्या वर्षी पहिले कम्युनियन घेतले आणि मग रोज मिस्सेला जाणे, रोज जपमाळ, आठवड्याला पापनिवेदन हा त्याचा नेम झाला. कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग तो स्वतःच शिकला आणि कम्युनियनशी निगडित, चर्चने मान्य केलेल्या शंभराहून अधिक चमत्कारांची माहिती त्याने वेबसाइटवर मांडली. व्हिडीओ गेम आवडत, पण प्लेस्टेशनसाठी आठवड्याला एकच तास, हा नियम त्याने स्वतःवर घातला होता. खाऊच्या पैशांतून तो बेघरांसाठी स्लीपिंग बॅग घेत असे, असे त्याच्या आईने सांगितले आहे. १२ ऑक्टोबर २००६ रोजी त्याचे निधन झाले. असिसीमध्ये त्याचा देह जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये ठेवलेला आहे.

‘मिलेनियल पिढीचा पहिला संत’ म्हणून कार्लोचे नाव जगभर झाले. त्यासोबत नको त्या गोष्टीही आल्या. त्याचे अवशेष असल्याचा दावा करून ऑनलाइन लिलाव सुरू झाले आणि २०२५ मध्ये असिसीच्या बिशपांना पोलिसांकडे तक्रार करावी लागली. दोघेही सुखवस्तू घरचे, त्यांच्यासाठी हे सोपे होते, अशी टीकाही होते. त्यात तथ्य नाही असे नाही. फ्रासातीला निदान घरी गरम जेवण तयार असे. पण ट्रामचे पैसे देऊन टाकल्यामुळे त्या जेवणासाठी तो घरापर्यंत धावत जायचा, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती तरुणांचा याच्याशी काय संबंध?

धर्मगुरू नसलेला संत ही कल्पना वसईला नवीन नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, नंतर फ्रान्सिस्कन संघात धर्मगुरू म्हणून नव्हे तर धर्मबंधू म्हणून राहिले. जपानमध्ये ते दुभाष्याचे काम करत. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये अशी संत घोषित करण्याची पद्धत नाही. मात्र रोज पहाटे बायबलवाचन आणि शांतपणे प्रार्थना, ही सवय तिथे तरुणांना आवर्जून लावली जाते. वायएमसीए ही जगभर पसरलेली संस्था अशाच एका सवयीतून उभी राहिली. लंडनमधील कापडाच्या दुकानात काम करणारा जॉर्ज विल्यम्स दिवसभराच्या कामानंतर सहकाऱ्यांना जमवून प्रार्थना आणि बायबलवाचन करत असे. १८४४ मध्ये संस्था सुरू झाली तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

मग युवा गटाने नेमके काय करावे?

आज चर्चच्या युवा गटाचा कोणताही उपक्रम आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मग रीलमध्ये दिसतो. वृद्धाश्रमात फळे वाटली की फळ घेणाऱ्या आजींचा चेहरा आणि देणाऱ्याचा टी-शर्ट एकाच फ्रेममध्ये येतो. यात वाईट हेतू असतोच असे नाही. अनेकदा देणगीदारांना पुरावा हवा असतो. पण पुरावा हिशेबाच्या वहीने देता येतो, आजींच्या चेहऱ्याने देण्याची गरज नाही. गटाने एवढा एक नियम लिहून काढला, तरी ओझानामच्या झोळीचे काम झाले.

दुसरे, उपक्रमांची संख्या कमी आणि वार पक्का असावा. नाताळात ५० घरांना केक देण्यापेक्षा दोन घरांना वर्षभर, ठरलेल्या वारी भेट देणे कठीण असते. दहावी-बारावीच्या परीक्षा, नोकरीची शिफ्ट, विरार लोकलची गर्दी या सगळ्यात तो वार पाळावा लागतो. म्हणून जोडी हवी. एकाला जमले नाही तर दुसरा जातो आणि पहिल्याला का जमले नाही, हेही विचारतो.

तिसरे, प्रार्थनेची वेळ कार्यक्रमपत्रिकेत घालून भागत नाही. फ्रासाती आणि कार्लो दोघेही रोज मिस्सेला जात, तेव्हा गटातले कुणी बघत नव्हते. ज्याला रोज जमत नाही त्याने आठवड्याची एक वेळ धरावी, असे धर्मगुरूही सांगतात. कार्लोने गेमसाठी ठरवून घेतला तसा एक तास.

आणि गटप्रमुखाने आपल्यानंतर कामाचे काय, हे आधीच कुणाला तरी सांगून ठेवावे. कोणत्या घरी औषध द्यायचे आहे, कुणाची फी भरायची राहिली आहे, कुणाच्या गहाणवटीची मुदत संपत आली आहे. फ्रासातीला ते शेवटच्या दिवशी, हात चालत नसताना लिहावे लागले.