चाकांवरचं चिलखत

मालेगावहून मनमाड, येवला, कोपरगाव, राहुरी करत नगर गाठलं की लष्करी परिसरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते सुरू झालं. येणारी मंडळी, विशेषतः पोरं, थेट अजस्र रणगाड्यांकडे धावतात. माझं सांगणं, आधी रोल्स-रॉइसपाशी थांबा. सिल्व्हर घोस्ट या श्रीमंतांच्या मोटारीवर पोलादी पत्रा चढवून केलेली ही चिलखती गाडी तिथली सर्वांत जुनी वस्तू. ब्रिटिश चिलखती गाडीचा इतिहास समजून घ्यायचा, तर सुरुवात तिच्यापासून करावी लागते. त्या इतिहासाचा मोठा हिस्सा आपल्या देशात घडलेला आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाची एक तुकडी कमांडर सॅमसन यांच्या हाताखाली डंकर्कला उतरली. पाडलेल्या विमानांचे वैमानिक शोधायला, जर्मनांची हालचाल हेरायला तिला मोटारी लागत. तिथल्याच जहाजबांधणीच्या आवारात त्यांना बॉयलरचा पत्रा ठोकून घेतला. पत्रा कच्चा निघाला, पण कल्पना पक्की ठरली. नौदलाने रोल्स-रॉइसच्या चॅसी ताब्यात घेतल्या आणि डिसेंबरात फिरत्या बुरुजाच्या, व्हिकर्स मशीनगनच्या गाड्या तयार झाल्या. सव्वासात लिटरहून मोठं सहा सिलिंडरचं इंजिन, मागे जोडचाकं, रेडिएटरपुढे पोलादी दारं. तोवर फ्रान्समध्ये खंदक खणले गेले होते आणि चाकांना पुढे जायला वाटच उरली नव्हती. गाड्यांना खरं मैदान मिळालं ते इजिप्त-अरबस्तानच्या वाळवंटात.

हिंदुस्थानात या गाडीपुढचा प्रश्न वेगळा होता. १३ एप्रिल १९१९ ला डायरने जालियनवाला बागेकडे जाताना दोन चिलखती गाड्या सोबत नेल्या होत्या. गल्ली अरुंद, म्हणून त्या बाहेरच राहिल्या. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर मुंबईचे विधिज्ञ चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला नेमकं यावर धरलं: गाड्या आत शिरल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं त्याने सांगितलं. चिलखती गाडीच्या कुठल्याही तांत्रिक वर्णनाआधी ही साक्ष वाचावी, असं मला वाटतं. यंत्र कशासाठी पोसलं गेलं, हे त्यातून स्वच्छ कळतं.

त्यानंतर हिंदुस्थानसाठी बनलेल्या क्रॉसली गाडीत हाच हेतू पोलादात उतरला. वायव्य सरहद्दीवर डोंगरमाथ्यावरून गोळ्या येत, म्हणून तिचा बुरूज घुमटासारखा गोल केला. गोळी त्यावरून घसरून जावी. चारही अंगांना मशीनगनसाठी जागा ठेवल्या. उन्हाने पत्रा तापे, म्हणून आतून अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावलं. आणि जमाव अंगाला भिडू नये म्हणून बाहेरच्या पत्र्यात विजेचा प्रवाह सोडायची सोय केली. डोंगर, ऊन आणि माणसं, तिन्हींचा बंदोबस्त एकाच आराखड्यात. खिलाफतीच्या दिवसांत, एप्रिल १९२१ मध्ये, आमच्या मालेगावात उद्रेक झाला आणि पुढे माणसं फाशी गेली. त्यांचं स्मारक शहरात उभं आहे. ती गाडी ज्या भीतीतून घडली, ती त्याच वर्षांतली.

१९३८ मध्ये सिंध हॉर्सने घोडे सोडले आणि हिंदी घोडदळाचं यांत्रिकीकरण सुरू झालं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, तेव्हा हाताशी होत्या त्या जुन्या क्रॉसली. त्यांच्या चॅसी झिजल्या होत्या, म्हणून चिलखताचे सांगाडे उचलून शेव्हरोलेच्या चॅसीवर बसवले. विलायतेतून नव्या गाड्या मिळण्याची आशा नव्हती. तिकडे स्वतः ब्रिटिशांचीच अकरावी हुसार्स पलटण १९४० मध्ये लिबियाच्या सीमेवर रोल्स-रॉइस घेऊन लढत होती. मग टाटानगरच्या रेल्वे कारखान्यात इथलीच गाडी जुळली. कॅनडाच्या फोर्डची चॅसी आणि इंजिन, जमशेदपूरच्या टाटांचं चिलखती पोलाद, हात इथल्या कामगारांचे. मालेगावात जुन्या मागाला दुसरीकडचा सुटा भाग जोडून माग चालता ठेवतात, तशीच ही जुळणी. चार हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. कागदोपत्री नाव मोठं होतं, सैनिक तिला ‘टाटानगर’च म्हणत.

विलायतेत मात्र दरम्यान फार देखणं काम झालं होतं. डेमलर गाडी १९४१ मध्ये आली. तिला वेगळी चॅसीच नव्हती. चिलखती खोकं हाच सांगाडा. चारही चाकांना ताकद, प्रत्येकाला स्वतंत्र स्प्रिंग, डिस्क ब्रेक. गिअर आधी निवडून ठेवायचा आणि हव्या क्षणी पेडल दाबून टाकायचा. पाचही गिअर उलट दिशेला चालत, आणि मागे दुसरं स्टेअरिंग होतं. टेहळणीच्या गाडीला शत्रू अचानक समोर आला तर वळायला सवड नसते. तिने तोंड न फिरवता भरधाव मागे सरकावं, हा त्यामागचा विचार. साडेसात टनांच्या या गाडीवर दोन पौंडी तोफ होती, म्हणजे हलक्या रणगाड्याइतकी मारक ताकद. रोल्स-रॉइसनंतर पंचवीस-तीस वर्षांत अभियंत्यांनी किती मजल मारली, ते या एका गाडीत दिसतं.

याच महायुद्धात हिंदी सैन्याची सोळावी लाइट कॅव्हलरी चिलखती गाड्या घेऊन क्वेट्ट्याहून रस्त्याने इंफाळला गेली आणि ब्रह्मदेशात लढली. तिचे कमांडर होते जयंतनाथ चौधरी. मग देश स्वतंत्र झाला. ७ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ शालटेंगला सातव्या कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्यांच्या पाठीमागून पोहोचल्या. टोळीवाल्यांना वाटलं, आपलीच कुमक आली. त्या लढाईने श्रीनगर वाचलं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने निजामाच्या हद्दीत शिरलेल्या सैन्याचं नेतृत्व पुन्हा चौधरींकडेच होतं.

त्याच वर्षी नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकाराला आलं. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही नगरचीच. तिने टाटांबरोबर विकसित केलेली आठ चाकांची, पाण्यातही चालणारी चिलखती गाडी आता मोरोक्कोच्या सैन्यासाठी बनते. बरेशीद इथला तिचा कारखाना २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाला.