दोन टक्क्यांचा पैसा आणि गावचा कार्यकर्ता

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम दरवर्षी समाजकार्यावर, म्हणजेच ‘सीएसआर’वर, खर्च करावी लागते. २०१३ च्या कायद्यातली ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एका आकड्यापर्यंत पोचलेली कंपनी या कलमाखाली येते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कोणती कामे चालतील याची यादी आहे, आणि तिचे पहिलेच कलम भूक, गरिबी व कुपोषण यांच्या निर्मूलनाचे आहे. २०१४-१५ मध्ये देशभरातल्या कंपन्यांनी असे सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च केले. २०२२-२३ पर्यंत हा आकडा ३० हजार कोटींच्या घरात गेला.

उद्योगपतींनी गावाच्या कामाला हात लावण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि तिच्यातले घर संघाला देऊन टाकले. तीच मगनवाडी. तिथे जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन असे उद्योग शिकवले जात. जागा बजाजांची, पण काम काय करायचे हे संघ ठरवत असे. कंपनी आणि संस्था यांच्यातल्या आजच्या अनेक करारनाम्यांत नेमकी हीच वाटणी उलटी झालेली दिसते.

कायद्याने कंपनीला तीन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. काम स्वतः करावे, स्वतःचे प्रतिष्ठान काढावे किंवा बाहेरच्या संस्थेकडे सोपवावे. बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि २०२१ पासून सरकारकडे नोंदणीही. कंपनीकडे पैसा असतो, हिशेबाची शिस्त असते, वरपर्यंत ओळखी असतात. तळ्याचा गाळ नेमका कोणाच्या शेतात पडणार, हे मात्र गावात बसून राहणाऱ्या कार्यकर्त्यालाच ठाऊक असते.

गाळाचेच उदाहरण बघण्यासारखे आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात हजारो पाझर तलाव व गावतळी आहेत; त्यांतली बरीचशी १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून उभी राहिली. पाणलोटातली माती दर पावसाळ्यात वाहून तळ्यात येते, साठवण घटते आणि आसपासच्या विहिरी लवकर तळ गाठतात. वाहून आलेली माती वरच्या शेतांतलीच असते, बहुतेक वेळा सुपीक. म्हणजे शेत बरड होते आणि तळे उथळ, असा दुहेरी तोटा. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. तिची मांडणी सुटसुटीत होती. इंधनाचा खर्च सरकारचा, पोकलेन व जेसीबी यंत्रे संस्थांनी उद्योगांच्या मदतीने आणायची आणि गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने ट्रॅक्टर-ट्रॉलीतून वाहून न्यायचा. पाच वर्षांहून जुन्या, लहान लाभक्षेत्राच्या तलावांना प्राधान्य होते आणि वाळू उपशाला बंदी.

शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शंभराहून अधिक यंत्रे उतरवून हे काम जिल्हाभर केले. गुंतवणूक क्षेत्रातले अमित चंद्रा आणि अर्चना चंद्रा यांच्या ए. टी. ई. चंद्रा फाउंडेशनने तालुक्यातालुक्यांतल्या छोट्या संस्था हाताशी धरून तलावांतला गाळ काढण्याचा मार्ग निवडला.

कामाचा हंगाम उन्हाळ्याचा. तळे आटले की यंत्र उतरते आणि पहिल्या पावसाआधी सगळे आवरावे लागते. यंत्र येण्याआधी कार्यकर्त्याने ग्रामसभा घेऊन यादी करायची असते: गाळ कोणाला हवा, किती एकरांवर टाकायचा, ट्रॉली कोणाची, कोणाच्या बांधावरून वाट काढायची. ही यादी कच्ची राहिली तर भाड्याचे यंत्र उभे राहते किंवा ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तोच सगळ्या खेपा उचलतो. मुरमाड शेतात गाळाचा थर पसरला की ओल जास्त दिवस टिकते, खताचा खर्च कमी होतो आणि एका पिकावर भागवणारा शेतकरी दुसऱ्या पिकाचा विचार करू लागतो. पण त्यासाठी वाहतुकीचे पैसे आधी हातात लागतात, आणि नेमके तेच गरिबाकडे नसतात. पहिल्या काही वर्षांत योजनेची दुखरी बाजू हीच होती. २०२३ मध्ये योजना नव्याने राबवताना अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या शेतकऱ्यांसाठी एकरी १५ हजार, जास्तीत जास्त अडीच एकरांना ३७,५०० रुपये अनुदान ठेवले गेले, ते या उणिवेवरचा इलाज म्हणूनच. गरिबीच्या कामात वाटपाचा प्रश्न किती आधी सोडवावा लागतो, ते यातून कळते.

सगळीच कामे एका उन्हाळ्यात उरकणारी नसतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने १९८० च्या दशकात दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसोबत ‘वाडी’ उभी केली. साधारण एकरभर पडीक जमिनीवर आंब्यासारखी फळझाडे, त्यांच्यामध्ये धान्य-भाजीपाला आणि भोवती जिवंत कुंपण. पुढे नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने ही पद्धत देशभर नेली, जव्हारच्या डोंगरातही ती रुजली. आंब्याला धड फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. कायद्यात ‘चालू प्रकल्पा’ची मुदत मात्र सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे आहे. बाग उत्पन्नाला येते तेव्हा कंपनीचा अहवाल कधीच छापून झालेला असतो. करार पुन्हा वाढवून घेणारी संस्था किंवा नाबार्डसारखा दुसरा निधी देणारा नसेल, तर कुटुंब अर्ध्या वाटेवर राहते.

संस्थेच्या खर्चाचा घोळही असाच आहे. २०२१ च्या नियमांनी सीएसआरच्या प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा घातली. ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, संस्थेच्या नव्हे. तरी काही कंपन्या ती संस्थेच्या माथी मारतात. पोकलेनचे भाडे आनंदाने देणारे व्यवस्थापक यादी करणाऱ्या कार्यकर्त्याच्या मोटारसायकलच्या पेट्रोलला कात्री लावतात. यंत्राचा फोटो चांगला येतो, एवढेच त्याचे समर्थन.

पैसा कुठे जातो हाही मुद्दा आहे. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. सीएसआरच्या रकमेत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहत आला आहे, पण तिचा ओढा मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याकडे असतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे नीती आयोगाच्या यादीतले आकांक्षित जिल्हे. तिथे कारखाने थोडे, म्हणून निधीही थोडा. कायद्यातले प्राधान्य ही सक्ती नाही, तरी ‘आपल्या’ भागाबाहेर जायला बहुतेक संचालक मंडळे कचरतात.

मोजमापाची सक्तीही फक्त मोठ्यांना आहे. सीएसआरची सरासरी रक्कम १० कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपनीला एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाचे परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यावे लागतात, तेही प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर. लहान प्रकल्पात किती घनमीटर गाळ निघाला एवढाच आकडा हाती राहतो. तळ्यात गाळ पुन्हा साचतोच. तो थोपवायचा तर वरच्या पाणलोटात समतल चर, बांधबंदिस्ती आणि चराईवर गावाचे बंधन लागते. हे काम संथ आणि भांडणाचे आहे, आणि ते अंगावर घेणारे करारनामे अजून मोजकेच आहेत.