तांबड्या फुलांची मोरवेल

मोरवेल आमच्या वाचकांस अनोळखी नाहीं. पावसाळा सरतां सरतां सह्याद्रीच्या घाटांत झाडाझुडपांवर पांढऱ्या फुलांचे झुबके घेऊन चढणारी व मागाहून पिसांसारखें शेपूट असलेलें बीं धरणारी वेल ती हीच. हिच्याच गोतांतील एक वेल तांबड्या फुलांची असून परदेशांतील बागांत ती मोठ्या हौसेनें लावितात. रोपांच्या सचित्र यादींत तिचें चित्र पाहिलें म्हणजे ‘ही आपल्या अंगणांत होईल काय ?’ असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. पैसा खर्चण्यापूर्वीं तिची प्रकृति समजून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मोरवेलीच्या गोतास शास्त्रांत क्लेमाटिस म्हणतात व त्यांत सुमारें ३०० जाती आहेत. बहुतेकांचीं फुलें पांढरीं, पिवळीं वा जांभळीं असतात; खरा तांबडा रंग विरळा. तो ज्या जातींत उत्तम उतरला आहे ती टेक्सेन्सिस ही अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या मध्यभागीं, एडवर्ड्स पठारावरील चुनखडीच्या खडकांत व ओढ्यांच्या कांठीं आपोआप होते. तिचें फूल उलट्या टांगलेल्या लहान सुरईसारखें, सुमारें एक इंच लांब व जाड असतें. या गोतांतील फुलांस पाकळ्या नसतात. रंगीत दिसतात तीं संदलेंच होत. ही जात युरोपांत गेल्यावर इंग्लंडांतील वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेनें १८९० च्या सुमारास मोठ्या फुलांच्या वेलींशीं तिचा संकर करून ‘डचेस ऑफ ऑल्बनी’ हा गुलाबी वाण काढला. पसरट व किरमिजी फुलांचा ‘विल द ल्यों’ हा वाण फ्रान्समध्यें मोरेल यांनीं १८९९ च्या सुमारास तयार केला. ‘नायोबी’ हा गडद तांबडा वाण त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं पोलंडांत निघाला.

या वेलीचे पाय सावलींत व डोकें उन्हांत असावें लागतें. दीड फूट खोल व तितकाच रुंद खड्डा खणून त्यांत चांगलें कुजलेलें शेणखत मातींत मिसळावें. ओल टिकावी, पण पाणी सांचूं नये. मोठ्या फुलांच्या वाणांचें रोप कुंडींत होतें त्याहून दोनतीन इंच खोल लावावें. याचें कारण पुढें येईल. बुंध्याशीं पालापाचोळ्याचें आच्छादन द्यावें किंवा ठेंगणीं झुडपें लावावींत.

द्राक्षवेलीस असतात तसे तणावे हिला नाहींत. ही पानांच्या देठांनीं आधारास विळखा घालते. डार्विननें १८६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या वेलींवरील निबंधांत हिच्या या संवयीचा विचार केला आहे. म्हणून जाड खांब तिच्या कामाचा नाहीं. बारीक तार, सुतळी किंवा काटक्या द्याव्या.

छाटणींत पुष्कळांची चूक होते. टेक्सेन्सिस व तिच्याजवळचे वाण त्याच वर्षाच्या नव्या फुटीवर फुलतात. त्यांस थंडीच्या अखेरीस, जमिनीपासून सुमारें एक फुटावर, जोमदार डोळ्यांच्या वर छाटावें. परंतु कांहीं मोठ्या फुलांचे वाण पहिला बहर जुन्या काडीवर देतात. त्यांस असें छाटल्यास तो बहर हातचा जातो. द्राक्षाची छाटणी करणारांस हा भेद सांगावयास नको. वाणाचें नांव विचारल्यावांचून कात्री लावूं नये.

आतां मुख्य संकट. मोठ्या फुलांच्या वाणांवर मर पडते. सकाळीं टवटवीत दिसणारी वेल कळ्यांसह एकाएकीं मान टाकते व थोड्याच दिवसांत काळी पडते. हें बुरशीचें काम होय. ती खोड जाळते, परंतु मुळें बहुधा जिवंत असतात. बागवान निराश होऊन वेल उपटून टाकतो आणि तेथेंच खरें नुकसान होतें. रोगट भाग निरोगी काडीपर्यंत, जरूर पडल्यास जमिनीपर्यंत, कापून जाळावा व पाणी चालूं ठेवावें. खोल लावलेल्या रोपाचे मातीखालील डोळे पुढें फुटतात. कधीं पुढील वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. टेक्सेन्सिसच्या वाणांवर भुरी मात्र लौकर येते. त्यांस खेळती हवा हवी.

नवीं रोपें दाब कलमानें करावींत. संकरित वाणाचें बीं पेरल्यास मातेसारखी वेल मिळत नाहीं. छाटतांना रस अंगास लागूं देऊं नये. त्यानें कातडीची आग होते.

आपल्याकडे काय करावें ? युरोपांतील संकरित वाणांस थंडींतील विसांवा व सौम्य उन्हाळा लागतो. देशावरचा वैशाख त्यांस सोसणें कठीण. टेक्सेन्सिस स्वदेशीं उन्हाळा काढते, परंतु तेथील खडकाळ जमिनींतून पाणी झरून जातें. पावसाळ्यांत चिबडणाऱ्या आपल्या काळ्या जमिनींत तिची मुळें कुजण्याचें भय आहे. सबब थंड डोंगराळ गांवच्या हौशी बागवानानें एकच रोप कुंडींत लावून दोन वर्षें पाहावें. इतरांनीं चित्रास भुलून पैसा घालूं नये. त्यांनीं घाटांतून मोरवेलीचें पिकलें बीं आणून कुंपणाशीं पेरावें. तिचीं फुलें तांबडीं नसलीं, तरी आपलें ऊन व आपला पाऊस तिच्या ओळखीचा आहे.