काळा पाषाण, पिवळी हळद : छायाचित्रातील उजळपणा आणि रंग

रंगीत छायाचित्रातील प्रत्येक बिंदूची तीन अंगे मानली जातात : उजळपणा, रंगछटा आणि रंगघनता. बिंदू किती प्रकाशमान दिसतो हा त्याचा उजळपणा. तो तांबडा, पिवळा की निळा, ही रंगछटा. तो रंग भरदार आहे की करड्याकडे झुकलेला, हे रंगघनतेवरून ठरते. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगांची मांडणी याच तीन अक्षांवर केली. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, डार्कटेबल ही आजची साधने दिसायला निरनिराळी असली, तरी त्यांचे बहुतेक स्लायडर या तिघांपैकी कशाला तरी हात घालतात. तत्त्वतः ही अंगे स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात एकाला धक्का लावला की दुसरे हलते. हा गुंता उलगडण्यासाठी हिंगोली जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. औंढा नागनाथाचा काळा पाषाण जवळजवळ रंगहीन आहे आणि वसमतची हळद म्हणजे निव्वळ रंग.

आधी पाषाणाकडे पाहू. औंढ्याच्या मंदिराचा खालचा भाग हेमाडपंती असून तो शिल्पांनी भरलेला आहे. वरचा भाग नंतरच्या दुरुस्तीतला, पेशवेकालीन शैलीचा आणि रंगाने फिकट. भर उन्हात एकाच चौकटीत हे दोन्ही भाग घेतले की कॅमेऱ्याची कसोटी लागते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे केवळ शिल्पपट्टाने चौकट भरली तर काळा दगड धुळकट करडा उमटतो, आणि केवळ शिखर घेतले तर ते मळकट दिसते. संपादनाचे पहिले काम ही गल्लत निस्तरण्याचे असते. त्यासाठी मूळ नोंद सकस हवी. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक मूळ रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, तर १४ बिटांच्या रॉ (कच्च्या) फाइलमध्ये १६,३८४. सावलीतील मूर्ती उजळताना हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो : जेपेगमध्ये सावलीचे पट्टे पडतात, रॉमध्ये ती सलग राहते. मात्र शिखराचा जो बिंदू टिपतानाच २५५ वर जाऊन टेकला, त्याचा तपशील कोणत्याही साधनाने परत येत नाही. तो खाली ओढला तर नुसता करडा होतो.

उजळपणा बदलण्याची साधने तीन प्रकारची आहेत. सर्वांत ढोबळ साधन म्हणजे अवघे चित्र एकदम उजळ किंवा काळोखे करणारा स्लायडर. त्याहून काटेकोर साधन ‘लेव्हल्स’चे, त्यात काळ्याची सीमा, पांढऱ्याची सीमा आणि मधला बिंदू हे तिन्ही वेगवेगळे सरकवता येतात. सर्वांत समर्थ साधन म्हणजे ‘कर्व्ह’, प्रत्येक मूळ उजळपणाला नवा उजळपणा ठरवून देणारी वक्ररेषा. सोबत हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती बिंदू आहेत हे सांगणारा स्तंभालेख, डोळ्यांसमोर असावा. पडद्याचा उजेड आणि खोलीतला प्रकाश डोळ्यांना फसवतात. आलेख फसवत नाही. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ० ते २५५ या मोजपट्टीवर १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये पुढे आणलेल्या एसआरजीबी प्रमाणानुसार तो सुमारे २२ टक्केच भरतो. डोळा सावलीतील फरक अधिक बारकाईने टिपतो, म्हणून बऱ्याचशा पायऱ्या सावलीच्या वाट्याला आल्या आहेत.

औंढ्याच्या शिल्पपट्टावर कर्व्ह इंग्रजी एस अक्षरासारखी किंचित वळवून पाहावी. मूर्तींच्या कडा उठून येतात, खाचा खोल होतात. पण त्याचबरोबर दगडात मुळात जेमतेम असलेली तपकिरी झाक एकाएकी गडद होते. हलवला उजळपणा आणि वाढली रंगघनता! याचे कारण असे की, तीच वक्ररेषा तांबडा, हिरवा आणि निळा या तिन्हींवर वेगवेगळी लागू होते आणि त्यांच्यातील अंतर वाढवते. फोटोशॉपमध्ये हाच बदल ‘ल्युमिनॉसिटी’ पद्धतीने केला तर दगडाचा रंग जागचा हलत नाही. पुरातन शिल्पांच्या अभ्यासासाठी छायाचित्र तयार करणाऱ्याने एवढे पथ्य पाळायलाच हवे.

या साधनांचा उगम फार जुना नाही. थॉमस आणि जॉन नोल या बंधूंच्या खटपटीतून साकारलेले फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आले. त्यामागचे रंगगणित मात्र आधीचे आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये मानवी दृष्टीचे प्रमाण ठरवले आणि १९७६ मध्ये ‘लॅब’ ही रंगमांडणी स्वीकारली. तिच्यात उजळपणाचा अक्ष रंगापासून वेगळा काढलेला आहे. संगणकाला सोपी पडणारी एचएसएल मांडणी १९७८ ची. ती सोयीची खरी, पण डोळ्यांशी प्रामाणिक नाही. पडद्यावरच्या निखळ पिवळ्याचा आणि निखळ निळ्याचा उजळपणा ती सारखाच, ५० टक्के, मानते. लॅबमध्ये पिवळ्याला १०० पैकी ९७ आणि निळ्याला केवळ ३२ मिळतात. डोळ्यांना जाणवणाऱ्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा ७ टक्के असतो. पिवळ्यात पहिले दोन्ही असतात. निळ्या ताडपत्रीवर वाळत घातलेल्या हळदीचे चित्र फोटोशॉपच्या ‘डीसॅच्युरेट’ आज्ञेने कृष्णधवल केले, तर ताडपत्री आणि हळद जवळजवळ एकाच करड्यात विरून जातात. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ही दुसरी आज्ञा प्रत्येक रंगाचे वजन आपल्या हाती देते, म्हणून ती वापरावी.

हळदीचा पिवळेपणा करक्युमिन या द्रव्यामुळे येतो. ते निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते. साहजिकच हळदीच्या छायाचित्रात निळ्याचा आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो. अशा चित्रात रंगघनता आणखी वाढवली की निळा शून्यावर आपटतो, पुडीचा रवाळ पोत नाहीसा होतो आणि एक सपाट पिवळा डाग उरतो. त्याऐवजी ‘व्हायब्रन्स’ वापरावे. ते आधीच भरलेल्या रंगांना कमी आणि फिक्या रंगांना अधिक ढकलते. पिवळ्याचा दुसरा स्वभाव याहून विलक्षण आहे : तो उजळ असतो तोवरच पिवळा असतो. निळा काळोखा केला तरी निळाच राहतो, तांबडा काळोखा केला तर किरमिजी-तपकिरी वाटतो, पण पिवळा काळोखा होताच शेवाळी किंवा खाकी भासू लागतो. म्हणून हळदीचा ढीग ‘गडद’ दाखवायचा असेल तर उजळपणा न घटवता रंगछटा किंचित नारिंगीकडे न्यावी.

श्वेतसंतुलन, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची भरपाई, हा स्वतंत्र विषय आहे. दुपारचे ऊन सुमारे ५,५०० केल्व्हिनचे, तर जुन्या तंतूच्या दिव्याचा प्रकाश ३,००० केल्व्हिनच्या आसपासचा. लग्नघरी हळदीच्या कार्यक्रमात पिवळा मंडप, पिवळ्या साड्या आणि नवरीच्या गालावर हळद, असे सगळेच पिवळे असते. त्याला प्रकाशाचा दोष समजून कॅमेरा आपणहून निळा मिसळतो आणि हळद फिकी पडते. लाइटरूममध्ये रंगांचे आठ गट असतात. त्वचा बहुतांशी नारिंगी गटात आणि हळद पिवळ्या गटात पडते, पण गालावर दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. पिवळा गट उतरवला तर दात शुभ्र होतात आणि हळद पुसली जाते. नारिंगीचा उजळपणा चढवून नवरीला ‘गोरी’ करण्याची स्टुडिओंची सवय तर मला अजिबात रुचत नाही. ते संपादन नव्हे, चेहऱ्याची अदलाबदल आहे.

व्यापारातील उपयोग अधिक जोखमीचा आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीत हळदीसाठी संत नामदेवांच्या नावाचे स्वतंत्र मार्केट यार्ड आहे, आणि मालाची छायाचित्रे मोबाइलवरून दूरवर जातात. खरेदीदार कांडी मोडून आतला रंग पाहतो. तोच रंग छायाचित्रात खरा उतरवायचा असेल, तर मोडलेल्या कांडीशेजारी करडे प्रमाणपत्रक ठेवून चित्र घ्यावे आणि श्वेतसंतुलनाचा ड्रॉपर त्या पत्रकावर टेकवावा. तो चुकून हळदीवर टेकला तर पिवळ्यालाच करडे ठरवून अख्खे चित्र निळे होते. पत्रकावरून हिशेब एकदा बसला की तो एकाच उजेडातल्या सगळ्या चित्रांना लावता येतो, आणि लाइटरूम वा डार्कटेबलमध्ये मूळ फाइल अबाधित राहते. अर्थात हळदीतील करक्युमिनचे प्रमाण कोणत्याही छायाचित्रातून कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.