मुंजा, मिदिर आणि जन्मांतरीचा हट्ट

काळ ओलांडून टिकणाऱ्या वेड्या प्रेमाच्या अद्भुतकथेला तीन गोष्टी लागतात: वाट पाहणारा एक, विसरून गेलेला दुसरा, आणि दोघांच्या मध्ये पसरलेला फार मोठा काळ. एका माणसाचे आयुष्य या काळाला पुरत नाही, म्हणून कथाकाराला त्यातून वाट काढावी लागते. अशा वाटा मुख्यतः तीन आहेत. प्रेम करणारा मरतच नाही. मेला तर पुन्हा जन्म घेतो. किंवा पुढचा जन्म न मिळता अपुऱ्या इच्छेपाशी भूत होऊन अडकतो. आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक दंतकथांवर उभ्या राहिलेल्या आजच्या प्रेमकथा पहिल्या दोन वाटांनी जातात. महाराष्ट्राला या तिन्ही वाटा ठाऊक आहेत, पण त्याची खास ओळख तिसऱ्या वाटेवर पटते. त्या वाटेवर पिंपळ आहे आणि पिंपळावर मुंजा.

पिंपळावरचा मुंजा

मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच बटू वारला, तर त्याचा मुंजा होतो, अशी जुनी समजूत आहे. मुंज म्हणजे ब्रह्मचर्याश्रमात प्रवेश आणि सोडमुंज म्हणजे लग्नाकडे जाण्याची मोकळीक. या दोन संस्कारांच्या मध्ये मेलेला मुलगा धड लहान नसतो आणि धड मोठाही झालेला नसतो. संसाराची दारे त्याच्यासमोर उघडायची राहून जातात. म्हणून लोककल्पनेत तो गावाजवळच्या पिंपळावर राहतो, वाटसरूंना खडे मारतो, खोड्या काढतो आणि लग्नाचा हट्ट धरतो. हडळ, खवीस, वेताळ या मंडळींत मुंजा वयाने सर्वांत लहान, पण त्याची मागणी सर्वांत ठाम.

लोकांनी मात्र त्याला नुसते घाबरून टाळले नाही. पिंपळाला पार बांधला, दगडाला शेंदूर लावला, आणि मुंजाचा मुंजोबा झाला. जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात अट्रावल येथे मुंजोबाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. माघ महिन्यात तिथे यात्रा भरते आणि नवस फेडायला खानदेशभरातून लोक येतात. अपुऱ्या इच्छेचा जीव त्रास देतो, तेव्हा त्याला ठिकाण द्यावे, मान द्यावा, वर्षातून एक दिवस द्यावा, ही यामागची रीत आहे. त्याने मागितलेली नवरी मात्र कोणी देत नाही.

२०२४ साली प्रदर्शित झालेला, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट याच समजुतीवर उभा आहे. १९५२ सालच्या कोकणात गोट्या नावाचा मुलगा आपल्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या असलेल्या मुन्नीच्या मागे लागतो. घरचे त्याची मुंज लावून देतात. मुन्नी मिळावी म्हणून तो रात्री झाडाखाली जादूटोण्याच्या विधीत आपल्याच धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. पुढच्या काळात तो मुंज्या होऊन बहिणीच्या नातवाला, बिट्टूला, चिकटतो आणि मुन्नीशी लग्न लावून दे म्हणतो. मुन्नी आता म्हातारी झाली आहे, हे कळल्यावर तो तिची नात बेला हिच्यावर हक्क सांगतो. इथे कथेचा मुद्दा उघडा पडतो. माणूस बदलला तरी मागणी तीच राहते, म्हणजे त्याला मुन्नी हवी नव्हती, हट्ट पुरा व्हायला हवा होता. चित्रपट त्याच्या विनोदावर हसतो, पण त्याच्या मागणीला प्रेमाचा मान देत नाही.

न मरणारे

पहिल्या वाटेवरची, म्हणजे न मरण्याची, सर्वांत नामांकित मराठी कथा जळगाव जिल्ह्यातल्याच मुक्ताईनगर तालुक्यात नांदते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गाव आणि चांगदेवांचे जुने दगडी मंदिर आहे. योगसामर्थ्याने काळाला चुकवत चांगदेव चौदाशे वर्षे जगले, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतले, पण समोरच्याला वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार करावा, हे ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला. इतकी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असा अभिप्राय मुक्ताबाईंनी दिल्याची आख्यायिका आहे. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पाठवलेले पासष्ट ओव्यांचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईंना गुरू केले. १२९७ साली मुक्ताबाई तापीकाठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, असे वारकरी मानतात. पूर्वीच्या एदलाबादला मुक्ताईनगर हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले.

या कथेत प्रेयसी नाही, पण काळावर मात करण्याच्या ध्यासाचा निकाल आहे. चौदाशे वर्षे टिकणे हे इथे मोठेपण ठरत नाही. ‘मी’ सुटला की नाही, एवढेच विचारले जाते.

दुसरा न मरणारा अश्वत्थामा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखर त्याच्या नावाने ओळखले जाते आणि दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविक तिथे पायी यात्रेला जातात. मुक्ताईनगरच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही तो पहाटे शिवमंदिरात फूल वाहून जातो, असे सांगतात. कपाळावरची जखम भरत नाही, म्हणून तो वाटसरूंकडे तेल मागतो. चिरंजीव असणे हा त्याला मिळालेला शाप आहे. अमर प्रियकर ही कल्पना खानदेशात आकर्षक न ठरण्यामागे असे शेजारी आहेत.

पुंडरीकाचे तीन जन्म

पुनर्जन्माच्या वाटेवरची एक मोठी भारतीय कथा सातव्या शतकातली आहे. सम्राट हर्षाच्या काळातील बाणभट्टाने ‘कादंबरी’ रचायला घेतली आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलाने ती पुरी केली. मराठीत लांब गद्यकथेला आज जे नाव आहे, ते याच ग्रंथावरून आले.

अच्छोद सरोवराकाठी महाश्वेता आणि पुंडरीक हा तरुण तापस एकमेकांना पाहतात. विरह सहन न होऊन पुंडरीक मरतो. जाता जाता तो चंद्राला शाप देतो आणि चंद्र त्याला उलट शाप देतो. पुंडरीक पुन्हा भेटेल, या आश्वासनावर महाश्वेता तपस्विनी होऊन त्याच सरोवराकाठी थांबते. पुंडरीक दुसऱ्या जन्मी वैशंपायन होतो, चंद्र राजपुत्र चंद्रापीड होतो. वैशंपायन एकदा त्या सरोवरापाशी येतो आणि काहीच आठवत नसताना तिथून हलायला तयार होत नाही. महाश्वेतेला पाहून तो तिच्या मागे लागतो. तिला तो अनोळखी, निर्लज्ज पुरुष वाटतो. ती त्याला शाप देते आणि तो पोपट होतो. ज्याच्यासाठी ती थांबली होती, त्यालाच तिने हाकलले, हे तिला नंतर कळते.

स्मृती गेली, पण ओढ उरली, हा ‘कादंबरी’च्या मांडणीचा गाभा आहे. ओळखीशिवायची ओढ समोरच्याला छळासारखी वाटते, हेही तिने तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. शेवटी मीलन होते, पण ते प्रियकराच्या जोरावर होत नाही. शापाची मुदत संपावी लागते. मराठी संसारात हाच विचार ऋणानुबंध या शब्दाने येतो. भेटणे, न भेटणे हे मागच्या देण्याघेण्यावर ठरते आणि देणे फिटले की गाठ सुटते. सात जन्मांची सोबत मागायची सोय समाजाने ठेवली, तीही वटपौर्णिमेच्या व्रतात, म्हणजे लग्नाच्या आत. लग्नाबाहेर राहिलेल्या इच्छेच्या वाट्याला पिंपळ आला.

मिदिर आणि एटेन

केल्टिक जगातली याच जातीची एक जुनी कथा आयर्लंडची आहे. मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांत ती ‘एटेनची मागणी’ या अर्थाच्या नावाने येते. मिदिर हा माणसांपैकी नव्हे. आयर्लंडच्या टेकड्यांखाली राहणाऱ्या, म्हातारपण न येणाऱ्या लोकांपैकी तो एक. तो एटेनला बायको करून आणतो. त्याची पहिली बायको मत्सराने एटेनला आधी पाणी, मग अळी आणि मग एक सुंदर माशी करते आणि वाऱ्यावर सोडून देते. वर्षानुवर्षे भरकटलेली ती माशी एका योद्ध्याच्या बायकोच्या पेल्यात पडते, गिळली जाते आणि मुलगी होऊन जन्मते. पहिल्या आणि दुसऱ्या जन्मात १०१२ वर्षांचे अंतर असल्याचे कथा सांगते.

नव्या जन्मात एटेन तारा येथील राजा योखी याची राणी होते. मिदिर तिला शोधत येतो. तिला काही आठवत नाही, आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय येणार नाही, असे ती बजावते. मिदिर राजाशी पटावरचा खेळ खेळतो, आधी मुद्दाम हरतो, मग जिंकून एटेनचे आलिंगन मागतो. आलिंगन देताच दोघे हंस होऊन छपराच्या झरोक्यातून उडून जातात. राजा टेकड्या खणायला लागतो, तेव्हा मिदिर त्याच्यापुढे एकसारख्या दिसणाऱ्या पन्नास स्त्रिया उभ्या करतो. राजा चुकीची निवडतो आणि ती त्याचीच मुलगी निघते. प्रियकर जिंकतो, पण त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

खेळात हरल्यावर मिदिरला दलदलीवरून रस्ता बांधून द्यावा लागतो, असा प्रसंगही या कथेत आहे. लाँगफर्ड परगण्यात कॉर्ली येथे दलदलीखाली ओकच्या फळ्यांचा रस्ता खरोखर सापडला. झाडांच्या वर्तुळांवरून त्याचे लाकूड ख्रिस्तपूर्व १४८ मध्ये तोडल्याचे ठरले. मिदिरची टेकडीही याच परगण्यात दाखवतात, म्हणून कथेत त्या रस्त्याची आठवण उरली असावी, असे अभ्यासकांनी सुचवले आहे.

आणखी एक आयरिश कथा काळाचा वेगळा हिशेब मांडते. उशीन हा वीर नीव नावाच्या परीसोबत चिरतारुण्याच्या देशात जातो. तिथली तीन वर्षे इथली तीनशे ठरतात. परतल्यावर घोड्यावरून पाय जमिनीला लागताच तो जख्ख म्हातारा होतो. केल्टिक कथांत परलोक मरणानंतर येत नाही, तो शेजारीच असतो. टेकडीखाली, तळ्यात, समुद्रापलीकडे. हिवाळ्याच्या तोंडावरच्या साउन सणाला दोहोंमधली सीमा पातळ होते, असे मानत. आजचा हॅलोविन त्याच सणाचा वारस आहे.

ममीपासून आउटलँडरपर्यंत

आधुनिक इंग्रजी कथेत ‘हरवलेली प्रेयसी पुन्हा जन्मली’ हे सूत्र रुजवण्यात रायडर हॅगार्डच्या ‘शी’ (१८८७) या कादंबरीचा मोठा वाटा आहे. तिच्यातली आयेशा मेलेल्या प्रियकराच्या पुनर्जन्माची दोन हजारांहून अधिक वर्षे वाट पाहते. १९३२ च्या ‘द ममी’ चित्रपटात इजिप्तचा मृत पुजारी जागा होऊन आधुनिक तरुणीत आपली राजकन्या शोधतो. डब्लिनजवळ जन्मलेल्या ब्रॅम स्टोकरच्या मूळ ‘ड्रॅक्युला’मध्ये (१८९७) असे प्रेम नाही, तिथला काउंट रक्तासाठी येतो. १९९२ च्या कपोलाच्या चित्रपटात मात्र मीना ही त्याच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म ठरते आणि शिकारी एकदम विरही प्रियकर होतो. १९९१ मध्ये डायना गॅबल्डनच्या ‘आउटलँडर’ने पुनर्जन्माऐवजी कालप्रवासाची वाट घेऊन काळ ओलांडणाऱ्या प्रेमाला स्कॉटलंडचे रूप दिले. १९४५ मधली क्लेअर उभ्या शिळांच्या वर्तुळातून थेट १७४३ मध्ये पोहोचते आणि तिथल्या जेमीच्या प्रेमात पडते.

या लोकप्रिय कथांत दोन बदल झाले. खऱ्या शिळावर्तुळांची उभारणी केल्टिक भाषा त्या भूमीत येण्याच्या फार आधीची असूनही ती केल्टिक जादूची खूण ठरली. दुसरा बदल अधिक खोल होता. मिदिरच्या विजयाची किंमत मोजणारा योखी अशा कथांतून हळूहळू बाजूला पडला. शतकानुशतकांचा ध्यास हाच खऱ्या प्रेमाचा पुरावा मानला गेला, आणि ज्याच्याविषयी तो ध्यास होता त्याला विचारण्याची गरज कमी झाली.

मराठी पडदा आणि पुस्तक

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथा व गूढकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. धारपांच्या जगात अमानवी शक्ती खरी असते आणि समर्थ या त्यांच्या पात्रासारखा जाणता माणूस तिचा बंदोबस्त करतो. मतकरींच्या गूढकथेत भय बहुधा माणसाच्या मनातूनच वर येते.

प्रेम आणि परतून येणारी मृत स्त्री यांची गाठ राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटाने घातली. जयंत देवकुळे यांच्या कथेवरचा हा चित्रपट पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) म्हणून आला. जिचा मृत्यू नवऱ्याने डोळ्यांदेखत पाहिला, तीच आपण असल्याचा दावा एक स्त्री न्यायालयात करते. प्रेक्षकाला पुनर्जन्माचा, भुताचा भास होत राहतो. शेवटी उलगडा मात्र माणसांच्याच व्यवहारातून होतो. ‘मधुमती’ (१९५८) सारख्या हिंदी चित्रपटांनी पुनर्जन्म सरळ खरा मानला, तर ‘पाठलाग’ने त्याची फक्त हुलकावणी दिली.

तिन्ही वाटांचा हिशेब एकत्र मांडला तर फरक स्पष्ट होतो. केल्टिक कथा आणि तिच्यावरची आजची प्रेमकथा विचारते, विसरलेल्याला आठवण कशी द्यावी. मराठी परंपरा विचारते, अडकलेल्याला सोडवावे कसे. म्हणून तिच्यात चांगदेवांना गुरू भेटतो, पुंडरीकाचा शाप संपतो, मुंजाला पार मिळतो. ‘मुंज्या’ने या जुन्या प्रश्नाला आजच्या काळाचा एक प्रश्न जोडला: ज्या मुलीवर हक्क सांगितला जातो, तिचे म्हणणे काय? एटेनने आपली अट सांगितली होती, महाश्वेतेने शाप दिला होता, बेलाही नकार देते. काळ ओलांडणाऱ्या प्रेमाची कथा वाचताना वाट पाहणाऱ्याची वर्षे मोजण्याआधी हा नकार ऐकू येतो का, हे पाहिले की प्रेम कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, ते वाचकाला ओळखता येते.