निवडीवर ठरते चिंध्यांचे मोल

बंगळुरू शहराची ओळख आज माहिती तंत्रज्ञानाशी जोडली गेली असली, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीतही हे शहर देशात अग्रेसर आहे. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या परिसरांत शिवणकामाचे असंख्य कारखाने असून तेथील कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. कापडाचे थर एकावर एक रचून कापताना नमुन्यांच्या मधला भाग उरतो. साधारणतः १० ते १५ टक्के कापड असे बाजूला पडते. ताग्यांचे शेवटचे तुकडे, रंगातील फरकामुळे नाकारलेला माल आणि घरोघरच्या जुन्या साड्या-चादरी यांची त्यात भर पडते. या कापडाचे करायचे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे निवड.

धाग्याची ओळख

मिसळलेल्या ढिगाला फारशी किंमत येत नाही. सुती, रेशमी, पॉलिस्टर आणि होजिअरी कापड वेगळे केले की प्रत्येकाला स्वतंत्र उपयोग मिळतो. पारख करण्याची पद्धत सोपी आहे. दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर यांना केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मात्र मिश्र धाग्यात ही लक्षणे एकत्र दिसतात.

आकारानुसार उपयोग

मीटरभराहून मोठ्या तुकड्यांतून लहान मुलांचे कपडे, अभ्रे व पिशव्या होतात. वीतभर तुकडे गोधडीसाठी योग्य ठरतात. होजिअरीचे तुकडे तेल शोषून घेत असल्याने यंत्रे पुसण्यासाठी कार्यशाळांत त्यांना मागणी असते. अगदी बारीक कपटे उशा-गाद्यांत भरले जातात.

उरलेल्या सुती चिंध्या यंत्रावर पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढता येतो. तमिळनाडूतील तिरुपूर आणि हरियाणातील पानिपत ही या व्यवसायाची मोठी केंद्रे आहेत. पिंजताना तंतू आखूड होतात, म्हणून त्यांत नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावे लागते आणि धागा जाडसर निघतो. चिंध्या रंगानुसार निवडलेल्या असतील तर तो पुन्हा रंगवावा लागत नाही. ताणणारा इलास्टिक धागा मिसळलेला असल्यास मात्र हे काम अवघड होते.

जुन्या कापडाचा सामाजिक उपयोगही सिद्ध झाला आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' ही संस्था सुती कापडापासून मासिक पाळीसाठी घड्या तयार करते. श्री. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कौदी आणि गोधडी

कर्नाटकातच या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापडते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. तेथील स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून 'कवंद' शिवतात. शिवण कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्याशी येऊन संपते. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे 'फूल' लावल्याशिवाय कवंद पूर्ण मानली जात नाही. कन्नड मुलखातील कौदी आणि महाराष्ट्रातील वाकळ किंवा गोधडी ही तिचीच भावंडे. जुन्या लुगड्याचे अस्तर, वर ठिगळांची रचना आणि सर्व थरांतून जाणारा धावदोरा हे तंत्र तिन्हींत समान आहे.

या कामात कच्चा माल जवळपास फुकट मिळतो. खर्च होतो तो वेळ. धुणे, निवडणे, इस्त्री करणे, मग टाका घालणे यांत अनेक दिवस जातात. विक्रीची किंमत ठरवताना केवळ चिंध्यांचा भाव धरला, तर शिवणारीच्या हाती काहीच उरत नाही. टाकाऊ कापडाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर कारखान्यातील कापणीच्या मेजाशीच धाग्यानुसार वेगळ्या पिशव्या ठेवणे आणि निवडणाऱ्या व शिवणाऱ्या हातांना रास्त मजुरी देणे, या दोन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. घरच्या शिवणकामातही हाच नियम उपयोगी पडतो. कापड साठवण्याआधीच ते निवडून ठेवले, तर गाठोडे माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहत नाही.