ऑपरेशनच्या आधीचं पाणी

जबलपुरात नागपूर रस्त्यावर गढा लागतं. गोंड राजांची ही जुनी राजधानी. नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज याच भागात आहे, आणि आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्थाही. कॉलेज १९५५ सालचं, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती तेव्हाचं, संस्था १९८४ची. मंडला, दिंडोरी, सिवनी, बालाघाटकडून इथे पेशंट येतात. कुणाच्या पित्ताशयात खडे, कुणाच्या खुब्याचं हाड निकामी झालेलं, कुणाचं सिझेरियन. रोजचीच ऑपरेशनं. पण पेशंटच्या रक्तात सिकलसेल असेल तर त्यातलं एकही रोजचं राहत नाही. आणि ते खडे, तो खुबाही बरेचदा सिकलसेलनेच दिलेला असतो.

दोष असतो हिमोग्लोबिनच्या एका साखळीत. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस्स. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, आणि गोल, लवचीक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत संपते. पेशी वाकायला चार गोष्टी पुरतात: ऑक्सिजनची कमतरता, थंडी, रक्तातली आम्लता आणि तहान. ऑपरेशनच्या दिवशी या चारही एकाच वेळी गाठू शकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरचं त्या दिवसाचं निम्मं काम म्हणजे या चौघींना थिएटरच्या दाराबाहेर ठेवणं.

त्यातली तहान मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपण स्वतःच पेशंटवर लादतो. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ ही सूचना वॉर्डात इतकी मुरलेली आहे की तिचं कारणही कुणी विचारत नाही. कारण खरं आहे: भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून हलक्या जेवणानंतर सहा तास थांबायचं. पण नुसतं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. भुलेच्या दोन तास आधीपर्यंत ते चालतं, असं भूलतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं कित्येक वर्षं सांगत आली आहेत. आतड्याला अडथळा असेल, तातडीचं ऑपरेशन असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी रात्री बारापासून दुपारपर्यंत माणसाला कोरडं ठेवायला वैद्यकीय आधार नाही.

सिकलसेलच्या पेशंटचं यात दुहेरी नुकसान होतं. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी, म्हणून तिथल्या पेशी लहानपणापासून वाकत राहतात आणि लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. तुम्ही-आम्ही पाणी प्यायलो नाही तर शरीर लघवी रोखून पाणी वाचवतं. या माणसाला ते जमत नाही. तो उपाशी असतो आणि तरीही पातळ लघवी होतच राहते. जबलपूरच्या मे महिन्यात यादीत तो शेवटचा असेल, पहिल्या केसला वेळ लागला, दुसरी लांबली, की दुपारपर्यंत त्याचं रक्त घट्ट होत जातं. उपाय साधा आहे. त्याचं नाव यादीत सर्वांत वर लिहायचं, पहाटेपर्यंत पाणी द्यायचं, आणि उशीर होणार असेल तर वॉर्डातच सलाईन लावायचं.

हे करायला आधी सिकलसेल आहे हे कळायला हवं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत आजाराचं निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. तपासणीचं कार्ड हाती असेल तर काम सोपं. नसेल तर विचारावं लागतं: लहानपणी हातपाय सुजून दुखायचे का, डोळे पिवळे होतात का, भावंडांपैकी कुणाला वारंवार रक्त द्यावं लागलं का. साधी सोल्युबिलिटी चाचणी ‘आहे’ एवढंच सांगते. एएस की एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळतं. भुलेच्या दृष्टीने फरक मोठा आहे, कारण एएस म्हणजे नुसता वाहक, आणि त्याला बहुधा काही होत नाही. शिवाय हा फक्त आदिवासींचा आजार समजणं चूक. विदर्भात तो अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही आहे. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, हा जुना समजही नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांच्यासारख्यांच्या कामानंतर तसाच धरून ठेवता येत नाही.

ऑपरेशनआधी रक्त द्यावं का, यावर बरीच वर्षं वाद होता. १९९५च्या अमेरिकी अभ्यासाने दाखवलं की हिमोग्लोबिन दहापर्यंत आणणं पुरतं. रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन तीस टक्क्यांखाली आणण्याने जास्त फायदा होत नाही, रक्ताचे दुष्परिणाम मात्र वाढतात. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत रक्त न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची गुंतागुंत झाली, दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

टेबलावर काळजी असते ती सलाईन कोमट आहे ना, अंगावर पांघरूण आहे ना, बोटावरचा ऑक्सिमीटर खाली येत नाही ना, याची. हाडाच्या ऑपरेशनला टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा, शक्यतो टाळतात.

मला खरी चिंता वाटते ती नंतरची. दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे ऑक्सिजन घटतो आणि पेशी वाकू लागतात. ताप, छातीत कळ, दम: याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात, आणि तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभा राहतो. म्हणून वेदनाशामक देताना हात आखडता घ्यायचा नाही. हा माणूस आयुष्यभर दुखणं सोसत आला आहे. तो गप्प पडून आहे म्हणजे त्याला दुखत नाही, असं मानणं क्रूर आहे. आणि तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं स्पायरोमीटर त्याच्या हाती द्यायचं. १९९५च्याच एका अभ्यासात छाती-पाठीच्या दुखण्याने दाखल झालेल्या सिकलसेल पेशंटांना जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर दहा खोल श्वास घ्यायला लावले. फुफ्फुसाचा त्रास १९पैकी एकाच वेळी झाला. तसं न करणाऱ्या गटात १९पैकी आठ वेळा. ते पेशंट ऑपरेशनचे नव्हते, पण मिटलेलं फुफ्फुस दोन्हीकडे सारखंच. नर्सताई दर फेरीला उशाशी थांबून चेंडू किती वर गेले ते पाहतील, तर ऑपरेशननंतरच्या पेशंटलाही हा व्यायाम उपयोगी ठरू शकेल.

खाटा कमी पडतात, त्यामुळे टाके ठीक दिसले की दुसऱ्या दिवशीच घरी पाठवण्याकडे कल असतो. दिंडोरी जबलपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर. तिसऱ्या रात्री गावात दम लागला तर जवळ ऑक्सिजन असेलच असं नाही. सिकलसेलच्या पेशंटचा डिस्चार्ज म्हणूनच तिसऱ्या दिवसानंतर लिहावा, आणि त्या कागदावर ताप किंवा दम दिसताच कुठे जायचं हे त्याला समजेल अशा हिंदीत लिहिलेलं असावं.